आपण म्हणजे कोण

अर्जदाराचे वर्णन खालीलप्रमाणे. पुरुष. वय वर्षे एकसष्ट. उंची मध्यम, बांधा किरकोळ. व्यवसाय : चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसविणे; एकाच दुकानात, एकाच स्टुलावर, चौतीस वर्षे. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर काच लागल्याचा जुना व्रण. वैवाहिक स्थिती : विवाहित, पत्नी हयात व सहअर्जदार. अपत्ये : पुत्र एक, परदेशी वास्तव्यास. यापूर्वीचा परदेश प्रवास : निरंक. गुन्हे : निरंक. कोणत्याही संघटनेचे सभासदत्व : निरंक.

यातलं शेवटचं उत्तर धादांत खोटं आहे. सदर इसम पन्नास वर्षं राष्ट्रीय फुटबॉल संघाचा सभासद आहे. संघाला कोणी कळवलेलं नाही, इतकंच.

दुकानात त्याला ‘आपणराव’ म्हणत. कारण साधं होतं. संघ जिंकला की सगळं गाव ‘आपण जिंकलो’ म्हणे, आणि हरला की त्याच गावाच्या तोंडी ‘ते हरले’ येई. ही सोय याला मंजूर नव्हती. हरलो तरी आपणच. ज्याला पटत नसेल त्यानं जिंकल्यावरही गप्प बसावं. आता संघ असा, की विश्वचषकाच्या मुख्य फेरीत आजवर पाऊल पडलेलं नाही. त्यामुळे ‘आपण हरलो’ हे वाक्य त्याला इतक्यांदा उच्चारावं लागलं, की ते नावालाच चिकटलं.

दुकानात डोळे तपासणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे नंबरवाल्या बाई म्हणत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्या चेहऱ्याची घडीही न मोडता विचारायच्या, “काय आपणराव, काल कोणी मार खाल्ला?”

“आपण.”

“किती?”

“तीन.”

“आणि दिले किती?”

“संधी दोन होत्या.”

“संधी मला नका सांगू. माझ्याकडे रोज माणसं येतात, अक्षर दिसलं नाही की अंदाजानं सांगतात. तसला संघ आहे तुमचा.”

यावर मालक गल्ल्यावरून म्हणायचे, “अहो, ते हरले तर सुधारतील केव्हातरी. तुम्ही हरलात की दोन दिवस माझ्या काचा तिरक्या बसतात.”

काचा ज्या छोट्या कागदी पाकिटांतून येत, त्यांच्या पाठीवर तो पात्रता फेरीचं गणित मांडायचा. अमक्यानं तमक्याला दोन गोलांनी हरवलं, तिसऱ्याचा सामना बरोबरीत सुटला आणि आपण उरलेले चारही जिंकलो, तर आशा आहे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घरी चष्म्याबरोबर असं एक पाकीट गेलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालं, चष्मा ठीक आहे, पण मागे लिहिलेलं औषध कोणत्याच दुकानात मिळत नाही.

बायकोची तक्रार निराळी होती. “या घरात आपण म्हणजे अकरा पुरुष,” ती म्हणायची. “मी राखीव खेळाडूंच्या बाकावर.”

मुलगा मात्र पहिल्यापासून संघात होता. सात वर्षांचा असताना एका पराभवानंतर तो उशीत तोंड खुपसून रडला आणि म्हणाला, “घाणेरडे आहेत ते.” बापानं त्याला उठवून बसवलं, नाक पुसलं आणि सांगितलं, “ते नाही. आपण. ज्यांच्यासाठी रडू येतं, ते आपण.” पोरगं हुशार. एकदा सांगितलं की कायमचं लक्षात.

पुढे हा हुशार पोरगा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला आणि परदेशी गेला. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून घरात शिस्त अशी : सामना संपला की फोन. आधी बाप बोलणार, पंचापासून गवतापर्यंत सगळं. मग शेवटची दोन मिनिटं आईची. सामना नसला तर फोन नाही. बापलेकांना दुसरं काही बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसल्याचं दोघांनाही कधी अडलं नाही.

यंदा आक्रीत घडलं. पात्रता फेरीचा शेवटचा सामना आला तेव्हा आपल्याला नुसती बरोबरी पुरणार होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा गणित एका पाकिटावर मावलं. गोम एकच : समोरचा संघ, मुलगा राहतो त्या देशाचा.

सामना दुपारचा होता. मालकांनी शटर अर्धं ओढलं. नंबरवाल्या बाईंनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून तिथे टीव्ही टांगू दिला. पूर्वार्धात आपल्या गोलकीपरनं तीन गोल वाचवले. त्यांच्या गोलकीपरनं दोन. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग आपल्या एका बचावपटूनं चेंडू दूर फटकावण्याऐवजी जरा विचार केला, आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला.

मालकांनी शटर वर केलं. “हरले,” ते म्हणाले.

आपणरावांनी मागच्या खोलीत जाऊन फोन लावला.

“बघितलंस?”

“बघितलं बाबा, पहिल्यापासून.”

“गोलकीपरनं काय ते वाचवलं रे.”

“कमाल केली आपल्या गोलकीपरनं.”

“बचावफळीनं घात केला.”

“हो ना. शेवटी शेवटी फारच ढिली पडली. मला वाटलं, गेलं सगळं.”

“गेलंच की.”

“नाही ना पण. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला सुटलो आपण.”

घासायच्या यंत्रावर पाणी ठिबकत होतं. बापानं तोटी घट्ट केली.

“सुटलो?” बाप म्हणाला. “कोण सुटलं?”

“म्हणजे… ते.”

“ते कोण?”

“बाबा, मी मार्चमध्ये इथलं नागरिकत्व घेतलं. सांगणार होतो.”

“मार्चमध्ये आपण दोनदा बोललो.”

“दोन्ही वेळा तुम्ही मला गणित सांगत होता.”

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बायकोला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“मार्चपासून,” ती भांडी पुसत म्हणाली. “त्यानं नोकरी बदलली, घर बदललं, अक्कलदाढ काढली. सगळं माझ्याच दोन मिनिटांत झालं.”

“मग मला सांगायचंस.”

“तुम्ही विचारलंत? तेव्हा तुम्हाला फ्री किक कशी मारायला हवी होती ते सांगायची घाई होती.”

त्यानंतर दोन मैत्रीपूर्ण सामने झाले. फोन झाला नाही. एकदा मुलानंच केला, तर बापानं “आईला देतो” म्हणून तो पुढे केला. त्या दिवशी आईला मिनिटं मोजावी लागली नाहीत.

मग टपालानं व्हिसाचा अर्ज आला. मुलानं दोघांना बोलावलं होतं, तीन महिन्यांसाठी. अर्ज जोडीचा, एकाचं अडलं की दुसऱ्याचंही अडलं. बायकोनं आपला भाग एका बैठकीत भरला आणि सही ठोकली. आपणरावांचा भाग तेराव्या रकान्यापर्यंत आला आणि थांबला. चौदावा रकाना होता : ‘निमंत्रक अपत्याचे राष्ट्रीयत्व’.

“लिहा जे आहे ते,” बायको म्हणाली. “दोन शब्द आहेत.”

“बघतो.”

“काय बघता? मला पोराला बघायचंय.”

अर्ज पंधरा दिवस फळीवर राहिला. दरम्यान मुख्य फेरी सुरू झाली. मुलाचा देश पहिल्याच आठवड्यात चार-शून्य असा धुतला गेला. आपणरावांनी तो सामना आवाज बंद करून, हवामानाच्या बातम्या शोधतोय असं सांगून, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिला. संपल्यावर फोन वाजला. बायको बाहेर गेली होती.

“आपण हरलो, बाबा,” मुलगा म्हणाला.

त्यानं ‘ते’ म्हटलं असतं, तर सगळं सोपं झालं असतं. बापानं टीव्ही बंद केला.

“किती?”

“चार.”

“रडलास?”

“थोडा.”

नियम बापाचाच होता, आणि पोरानं तो अक्षरशः पाळला होता. बाप म्हणाला, “तुमची बचावफळी फार वर चढली होती.”

व्याकरणानं ते ‘तुमची’ अनेकवचन होतं. पण जन्मभर ज्याला ‘तू’ म्हटलं, त्याच्याबद्दल तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा तो जावयाशी बोलल्यासारखा लागला. मुलालाही लागला असावा. तो म्हणाला, “हो, चढली होती,” आणि मग दोघांनी एकमेकांची तब्येत विचारली, जी त्यांनी पूर्वी कधी विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपणराव अर्ज दुकानात घेऊन गेले. काचेचा मध्य दाखवायला त्यांच्याकडे एक मेणासारखी मऊ पेन्सिल असते. तिची खूण काम झालं की ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. ती त्यांनी उचलली आणि चौदाव्या रकान्यात मुलाच्या देशाचं नाव लिहिलं. बरोबर लिहिलं, शुद्ध लिहिलं.

नंबरवाल्या बाई मागेच उभ्या होत्या. “शाईनं लिहा हो. ती काचेची आहे.”

“चौतीस वर्षं वापरतोय. कळतं मला.”

“पुसलं जाईल.”

“वाचता तर येतंय ना आत्ता?”

बाईंनी डोळे बारीक केले. “येतंय.”

“मग झालं तर.”

आपणरावांनी अर्जाची घडी घातली, तो पाकिटात सरकवला आणि दुपारी पोस्टात टाकून आले. घरी सांगितलं, सगळं भरलं.

नवव्या दिवशी अर्ज परत आला. सोबत शेरा होता : रकाना क्रमांक चौदा कोरा, सबब अर्ज अपूर्ण. त्या जागी घडीच्या रेघेवर एक मळकट डाग होता. बायकोनं अर्ज आधी लांब धरून पाहिला, मग नवऱ्यानं बसवलेल्या काचांचा चष्मा लावून पाहिला, आणि टेबलावर ठेवला.

“आपला अर्ज परत आला,” ती म्हणाली.

त्यानं फोन उचलला, आणि परत ठेवला. त्या दिवशी कोणाचाच सामना नव्हता.