पाकिटावरच्या पाठी

“ह्ये तांदळाचं पाकीट हाय का औषधाचं?” सुमनताईंनी माझं डिझाइन हातात धरून विचारलं.

मी समजावलं, “याला व्हाइट स्पेस म्हणतात. मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. नजरेला विसावा मिळतो.” पुण्यात जाहिरात एजन्सीत असताना असा विसावा मी चांगल्या भावाने विकायचे. निवृत्त होऊन भोरला आल्यावर समाजसेवेची हुक्की आली, म्हणून जवळच्या पासली गावातल्या बायकांच्या बचत गटाला तो फुकट देत होते. कदर कुणाला?

“मोकळी हाय तर फोटू टाका की. अध्यक्षांचा.” अध्यक्ष त्याच होत्या.

 गटातल्या पारूबाई म्हणाल्या, “टाका. आमचा तांदूळ आमी येगळा इकू.” त्यांच्या भावकीतल्या बायका उठल्यासुद्धा. डिझाइनमुळे क्लायंट गेल्याचं मी पाहिलं होतं. क्लायंटचे दोन तुकडे होताना पहिल्यांदाच पाहत होते.

सगळ्यांचे फोटो टाकावेत, तर पाकिटाचा वाढदिवसाचा फ्लेक्स झाला असता. घरी येऊन चित्रच काढायला बसले. एरवी मी निसर्गचित्रं काढते. डोंगर, धुकं, पाणी. माणसं आली की चित्र बिघडतं, असं माझं थोर मत. नाइलाजाने भातलावणीची रांग काढली. सगळ्या वाकलेल्या, पाठमोऱ्या, पाठीवर पावसासाठी इरली. चेहराच नाही, तर भांडण कशाचं? स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

भांडण झालंच. मी कुणालाही डोळ्यांसमोर ठेवलं नव्हतं, तरी प्रत्येकीला आपली पाठ सापडली.

“मी एवढी वाकती व्हय?” सुमनताई.

“अन् मला टोकाला कशापायी ढकललीया? आमी दोघी शेजारीच लावतो. आमचा हात बरोबर चालतो,” पारूबाई म्हणाल्या. सुमनताईंनी मान हलवली. “व्हय, त्ये खरं.”

लावणी चालूच होती. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन मी बांधावर बसले आणि एकेकीची पाठ नव्याने काढली. त्या दोघी शेजारी आल्या, गट एक राहिला, आणि दिवाळीला पाकीट बाजारात गेलं.

तेव्हापासून माझ्या डोंगरात कुणी ना कुणी वाकलेलं असतंच. काढल्याशिवाय चैन पडत नाही. माझी चित्रं वर्षानुवर्षं नम्रपणे परत करणारे पुण्यातले गॅलरीवाले परवा म्हणाले, “आता बघवतात.” आनंद झाला, आणि रागही आला.

फुकट काम करू नये, असं एजन्सीत आम्ही नव्या मुलांना बजावायचो. बरोबरच होतं. त्यात शिकावं फार लागतं.