मापाचं इंग्रजी

समोरच्या माणसाचा धंदा समजून घेतल्यावाचून त्याला इंग्रजीचा एक शब्दही शिकवणं हे पाप आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. मी धुळ्याचा, ते जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. नुसतं वर्गात शिकवून त्यांचं भागत नाही. ते कोर्स तयार करतात. विद्यार्थ्यांसाठी, नर्सेससाठी, ट्रॅक्टरच्या शोरूममधल्या सेल्समनसाठी. उद्या वरातीतल्या घोडेवाल्यानं मागितला तरी नाही म्हणायचे नाहीत. आधी जाऊन घोड्याशेजारी दोन दिवस उभे राहतील, एवढंच.

सावद्याचे केळीचे व्यापारी एकदा त्यांच्याकडे आले. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलता यावं, एवढीच त्यांची मागणी. साडूभाऊ आठवडाभर केळीच्या वखारीत जाऊन बसले आणि परतले ते हातात केळ्यांची फणी आणि डोक्यात पहिला पाठ घेऊन. मी म्हटलं, "पहिला पाठ म्हणजे हाऊ डू यू डू असेल?" ते उखडलेच. "केळीवाल्याला हाऊ डू यू डू कोण विचारतो? त्याला विचारतात, माल वाटेत पिवळा का पडला? मग पाठ तिथूनच सुरू होणार!" कॉलेजातल्या मुलांसाठी त्यांनी भांडणाचा पाठ काढला. वर्गात बाकं लावून एसटी केली आणि रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून मुलांना इंग्रजीत भांडायला लावलं. राग आला की माणूस व्याकरणाची भीती विसरतो, असा त्यांचा सिद्धांत. मुली तर अशा भांडल्या की प्राचार्य शिपायाला घेऊन धावत आले.

लग्नाकार्यातही हा माणूस स्वस्थ बसत नाही. पारोळ्याच्या एका लग्नात शेजारी डॉक्टर जेवायला बसलेले पाहून त्यांनी विचारलं, "ऑपरेशन करावं लागेल हे सांगताना तुमचं पहिलं वाक्य कोणतं असतं?" विचारलं ते डॉक्टरांसाठीच्या कोर्सकरिता, पण वरण-बट्टी संपायच्या आत अर्ध्या मांडवानं साडूभाऊंच्याच तब्येतीची चौकशी केली.

प्रत्येक नवा पाठ आधी बायकोवर करून बघायचा, हा त्यांचा नियम. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का पोळ्या लाटता लाटता एका कानानं सगळे कोर्स ऐकते आणि चहा ठेवायचा का, ते अहिराणीत विचारते.

मागच्या वर्षी त्यांच्या कॅनडातल्या लेकीला दिवस गेले. साडूभाऊंना परीक्षांमुळे रजा मिळेना. अक्कानं एकटीनं जायचं ठरलं. झालं! दिवाणखान्याचा विमानतळ झाला. मला टोपी घालून टेबलामागे बसवलं. मी दरडावून विचारलं, "पर्पज ऑफ युअर व्हिजिट?" अक्का माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नाही का? पोरीचं बाळंतपण शे!"

"इंग्रजीत!" साडूभाऊ ओरडले.

अक्का हसली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "माले नही जानं. इमानतळवर चुकनू तर चुकनू. पन दवाखानामा डॉक्टर काही इचारी अन् माले समजनं नही, तर पोरीनं काय?"

साडूभाऊंनी माझी टोपी काढून घेतली, टेबल जागेवर सरकवलं आणि पाठांचे कागद कपाटात टाकले. शिकवली फक्त तीन वाक्यं. ही माझी मुलगी आहे. हळू बोला. पुन्हा सांगा.

लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर भरभर काहीतरी सांगून निघाले होते. अक्का म्हणे दारात आडवी उभी राहिली. "शी इज माय डॉटर. प्लीज स्पीक स्लोली." आणि समजेपर्यंत "से इट अगेन." शेवटी डॉक्टरांनी खुर्ची ओढली, चित्र काढून समजावलं. सिझेरियन झालं. नात सुखरूप.

हे सगळं अक्का फोनवर सांगत होती तेव्हा मी तिथंच होतो. नातीचं नाक कुणासारखं, हेही सांगून झालं. आता साडूभाऊंनी बोलायचं होतं. केळीवाल्यांना, नर्सेसना, डॉक्टरांना कुठल्या वेळी काय बोलावं हे शिकवणारा हा माणूस फोन कानाला लावून नुसता उभा. डोळे भरलेले.

"ऐकी राह्यनात ना?" पलीकडून अक्का.

"हां." त्यांनी खाकरून घेतलं. "तठे थंडी शे का?"

"शे ना."

मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "कधी येशी?"

परतीचं तिकीट त्यांनी स्वतःच काढलं होतं.