फियाटचं मागचं दार

रोज सकाळी चहाच्या आधी राघोबा अंगणात येत, कबुतरी रंगाच्या फियाटचं मागचं दार उघडत आणि एका बोटानं लावत. ‘टक्’ असा हलका आवाज आला की त्यांचा दिवस सुरू. याच दारातून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कलबुर्गी स्टेशनवरचे भाविक गाणगापूरला नेले होते. आता टॅक्सी बंद होती. दार तेवढं चालू होतं.

सून मंजुश्रीला त्या जागी म्हशींचा गोठा हवा होता. कलबुर्गीत जुन्या, देखण्या गाड्यांची स्पर्धा भरणार असं कळलं तेव्हा तीच म्हणाली, “मामा, नंबर आला तर गाडी अंगणात. न्हाई आला तर म्हशी.”

राघोबांनी फियाट घासूनपुसून अशी चकचकीत केली, की मंजुश्री म्हणाली, “नवरीलाबी एवढी हळद लावत न्हाईत.” काचेमागची ‘गाणगापूर’ अशी जुनी पाटीही त्यांनी हौसेनं उजळली.

मैदानात लांबलचक नाकाच्या, राजेरजवाड्यांच्या गाड्या उभ्या होत्या. रांगेत शेवटी, रस्त्यालगतच्या फाटकापाशी फियाट. परीक्षक येतील तेव्हा गाडीत कुणी बसलेलं नको, असा नियम होता. राघोबा पाणी पिऊन परतले तर मागच्या सीटवर मांडीवर गाठोडी घेऊन तीन म्हाताऱ्या.

“पाटी वाचूनच बसलो बाबा,” त्यातली थोरली म्हणाली. “निघायचं ना?”

समोरून परीक्षक येत होते. “मामा, उतरवा की!” मंजुश्री कुजबुजली. “कामून गप उभारलात?”

राघोबांचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. या दारातून बसलेलं माणूस त्यांनी गाणगापूरच्या अलीकडं कधी उतरवलं नव्हतं.

“यांना उतरवा,” परीक्षक म्हणाले, “नाहीतर गाडी बाद.”

मंजुश्रीनं एकदा सासऱ्यांच्या हाताकडं पाहिलं आणि पदर खोचला. “बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवत्यात व्हय कुठं? करा बाद!”

गाडी बाद झाली आणि फाटकातून बाहेर पडली. मंजुश्री पुढच्या सीटवर.

“पोरी,” मागून थोरलीचा पेंगुळलेला आवाज आला, “तुझा सासरा गाडी चालवायलाय की पाळणा हलवायलाय?”

मंजुश्री खळखळून हसली. तुरीची रानं मागं पडत राहिली. बऱ्याच वेळानं खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “गोठा परसात बी बसतोय म्हणा.”

समोर रस्ता मोकळा होता, तरी राघोबांनी हॉर्न वाजवला.

गाणगापुरात उतरल्यावर थोरलीनं दार ढकलायला हात उगारला.

“जोरात नको, अक्का,” राघोबा म्हणाले. “बोट लावा, बसतंय ते.”