खंडेनवमीचा पेन ड्राइव्ह

नागापूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि एकही ड्रॉइंग उघडेना. ऑपरेटर मी एकटीच, म्हणून खापर माझ्यावर. मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

दुरुस्तीला श्रीगोंद्याकडची एक बाई आली. पदर खोचून बसली. प्रत्येक क्लिकला स्वतःशीच “व्हय” म्हणायची. मग तिनं कॉम्प्युटरवरच्या पूजेच्या वाळक्या कुंकवावर बोट ठेवलं.

“व्हायरस खंडेनवमीलाच शिरलाय. आरत्यांचा पेन ड्राइव्ह कुनी लावला हुता?”

“मीच,” मालक पुटपुटले.

“अँटीव्हायरसबी तुमीच घेतला न्हाई. मालकानंच दार उघडं टाकायचं आन् राखणदारावर खेकसायचं?”

ड्रॉइंग उघडली तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मालक मला म्हणाले, “उद्या वेळेवर ये.” त्या गडबडीत तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

यंदा खंडेनवमीला मालक पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. “मॅडम, एवढा तपासून देता का?”

मी म्हटलं, “व्हय.”