धानाची ओटी

माझ्या थोरल्या जावेला देव कुठंही दिसतो. तलावात कमळ उमललं, हात जोडले. सारसाची जोडी धानाच्या बांधीत उतरली, डोक्यावर पदर घेतला. एकदा वीज चमकली तर "पाह्य बापा, केवढी तुझी ताकद!" म्हणत अंगणात उभीच राहिली आणि इकडे दूध उतू गेलं. ते पुसलं मी.

मी आमगावची, व्रतवैकल्यांत पक्की. श्रावणातले सोमवार नागऱ्याच्या महादेवाला जाऊन करते. तिथं मला काय दिसतं? रांग दिसते, बेलाचा चिखल दिसतो आणि चपला कुणी नेल्या तर नसतील ना, ही काळजी असते. सासू आल्यागेल्याला सांगते, "मोठीले देव दिसते जी." माझ्याबद्दल म्हणते, "लहानी कामाची आहे." हे ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. काम तर बैलही करतो.

आमच्या घरी धान फुलोऱ्यावर आलं की तलावाखालच्या बांधीची ओटी भरतात. धान तेव्हा गर्भारशी मानायचं. त्याच्यात पाय ठेवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसूनच हळदकुंकू वाहायचं. आजवर हे सासूनं केलं. यंदा तिचे गुडघे धरले, तेव्हा ताट कुणाच्या हाती येणार, हाच विचार माझ्या डोक्यात होता. मला सारं पाठ होतं. थोरलीला आधी हळद की आधी कुंकू, तेही आठवत नाही.

ताट थोरलीला मिळालं. मला सासू म्हणाली, "तू संग जाय. ती भुलते."

अंगाचा तिळपापड झाला, पण गेले. ऊन चांगलं वर आलं होतं. धुऱ्यावर पोचताच थोरलीनं ताट खाली ठेवलं आणि मटकन बसली.

"दीदी, उदबत्ती," मी म्हणाले.

"हळू बोल," ती कुजबुजली. "फुलून राहिला धान. पाह्य न, पाह्य!"

मी पाहिलं, पण तिच्याकडे. तोंड अर्धं उघडं, डोळ्यांत पाणी, हात कधी जोडले हे तिचं तिलाही कळलं नसावं. एवढ्या वर्षांत कुठल्या देवळात माझं तोंड असं झालं असेल का? झालं असतं तर सासूनं सांगितलं असतं. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढूच शकले नाही. चीड येत होती आणि ती तशीच बसून राहावी असंही वाटत होतं. शेवटी उदबत्ती मी लावली, ओटी मी भरली, नारळ मीच फोडला. एकही गोष्ट चुकली नाही.

घरी आलो तेव्हा सासू ओसरीवर वाटच पाहत होती. थोरली न्हाणीपाशी पाय धूत होती.

"झाली पूजा?"

"लहानीनंच केली सारी," थोरली तिथूनच म्हणाली. "मी पाहतच राहिली."

सासू माझ्याकडे वळली. "अन् तुले दिसली का फुलं? कशी होती?"

"पिवळी," मी ठोकून दिलं. फुलं म्हणजे पिवळीच असणार.

सासूच्या कपाळावर आठी पडली. "पिवळी?"

"ऊन पडलं होतं न आई," थोरली पाय पुसत आली. "उन्हात पिवळीच दिसत होती."

माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ आत गेली आणि चुलीवर आंधण ठेवलं. तिचा हेवा मी जन्मभर केला असेन, पण त्या घटकेला जेवढा वाटला तेवढा कधी नाही. देवही हिलाच दिसायचा आणि मला सांभाळूनही हिनंच घ्यायचं!

दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात मी एकटी गेले. ताट नेलं नाही. धुऱ्यावर वाकून लोंबीजवळ डोळे नेले. कणीपेक्षा बारीक फुलं, दाण्यादाण्यातून बाहेर लोंबलेली, साऱ्या बांधीभर. पांढरी होती. साफ पांढरी.

मी हात जोडले आणि मोठ्यानं बोलायचं नाही हे विसरून देवाला विचारलं, "हे तिले आधी काऊन दाखवलं?"