आळंदीच्या वाटेवर बंद पडलेला एसी

खरं सांगायचं तर त्या दुपारी माझी श्रद्धा डळमळली होती. पक्षाघातानंतर माझे वडील सात महिने एक शब्दही बोलले नव्हते. आळंदीचं नाव निघालं की मात्र त्यांचे डोळे भरून यायचे. म्हणून आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये बाबांना झोपवून मी आणि माझे यजमान भर एप्रिलात निघालो. उष्मा त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गाडीत एसी होता, आणि त्याचं वायरिंग मी स्वतः तपासलं होतं. बाबा इलेक्ट्रिशियन, हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

विश्रांतवाडी मागे पडली आणि एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुमून बंद पडू लागला. सावली बघून गाडी थांबवली. मीटर लावला. गाडीच्या मागे बसवलेल्या जनरेटरपाशी व्होल्टेज पूर्ण, एसीपाशी मात्र कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम खाली. म्हणजे मधला एखादा जोड सैल झाला होता. पण वायर गाडीभर भिंतींच्या लाकडी फळ्यांच्या मागून फिरलेली! दोन फळ्या काढल्या, काही सापडेना. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"परत फिरू या का?" यजमानांनी विचारलं.

"अहो, परतीच्या रस्त्यावर काय सावली आहे?" मी चिडून म्हणाले. मग मीटर खाली ठेवला आणि हात जोडले. "माउली, मला काही सुचत नाही. आता तुम्हीच बघा."

तेवढ्यात बाबांचा डावा हात हलला. मी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, उशाजवळच्या फळीवर तळवा टेकवला आणि जड जिभेनं म्हणाले, "गरम."

फळी खरोखरच तापली होती. जनरेटर बंद करून ती उघडली. आतला जोड काळा पडला होता, वायरचं आवरण वितळलं होतं. थोड्याच वेळात तिथे आग लागली असती. जळका भाग कापून मी नवा जोड आवळला. ओढून बघ, अशी बाबांनी बोटानं खूण केली. मी ओढून दाखवला. त्यांनी मान डोलावली. एसी सुरू झाला.

आळंदीला पोचल्यावर यजमानांनी घरी फोन केला. "एसी बिघडला होता. बापलेकींनी दुरुस्त केला." माझा ऊर अभिमानानं भरून आला. समाधीसमोर बाबांची व्हीलचेअर धरून उभी राहिले, तेव्हा मागायला काही उरलं नव्हतं. माझी अक्कल थांबली तिथे माउलींनी बाबांना बोलतं केलं, एवढंच मला कळतं. तो अभिमान मी माउलींच्याच पायाशी ठेवला.