पाकिटातले जास्तीचे पाचशे

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, सानपाड्याच्या आमच्या घरात बारा हजार रुपयांचा विषय निघाला. हजर होतो मी, माझी बायको, आमची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी: एक खारघरची, एक बोनकोड्याची. तिघींची बारावी कॉमर्सची परीक्षा संपली होती. तिघींना अठरा वर्षं पूर्ण झाली होती. आणि घरचं कुणीही मोठं माणूस बरोबर न घेता त्यांना तीन रात्री श्रीवर्धनला जायचं होतं.

मी नाही म्हटलं नाही. कागद घेतला. एका बाईंच्या घरी खोली, दिवसाला दोन हजार, तीन दिवसांचे सहा हजार. जेवणखाण माणशी चारशे रुपये रोज, म्हणजे छत्तीसशे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, जाऊन येऊन तिघींचे नऊशे धरले. रिक्षा आणि इतर नऊशे. अडीअडचणीला सहाशे. माणशी चार हजार. शनिवार-रविवारी खोलीचा दर वाढतो म्हणून मी त्यांना मंगळवार ते शुक्रवार सुचवला. मुलीने मैत्रिणींकडे बघून डोळे फिरवले, पण वार तेच ठरले.

खाली मी एक तक्ता आखला. नाव, आईचा नंबर, वडिलांचा नंबर, रक्तगट, आई किंवा वडिलांची सही.

"काका, रक्तगट कशाला?" खारघरची म्हणाली. "डासांना सांगायला?"

"बाबा, आम्ही श्रीवर्धनला चाललोय, सियाचीनला नाही," आमची म्हणाली.

बोनकोड्याची मुलगी मुळात कमी बोलणारी. तिने तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, कुणा एकाचीच सही चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तसंच लिहिलंय.

आठवड्याभरात सह्या आल्या. बोनकोड्याच्या मुलीच्या ओळीत तिच्या आईची सही होती, जपून काढलेली, अक्षर अक्षर सुटं. मी श्रीवर्धनच्या बाईंना तीन हजार आगाऊ पाठवले. मग पैसे आले. खारघरचे चार हजार मोबाइलवर, बोनकोड्याचे पाकिटातून. पाकीट माझ्या मुलीने आणून टेबलावर ठेवलं. मी मोजले. साडेचार हजार होते. पुन्हा मोजले. तेवढेच.

"पाचशे जास्त आहेत," मी म्हणालो.

"राहू दे ना बाबा. मी देईन तिला."

"तू कशाला? घरून चुकून आले असतील. घरी कळायला पाहिजे."

"मी सांगते ना तिला. तू नको फोन करू." ती घाईने बोलली, आणि ती घाई माझ्या लक्षात आली नाही. दुसऱ्याचे पाचशे रुपये आपल्या घरात पडून राहणं मला सहन होत नाही. तक्त्यावर वडिलांचा नंबर होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. मी लावला.

माझी ओळख सांगितली, मुलीच्या सहलीचे पैसे मिळाले, पण पाचशे जास्त आहेत, असं सांगितलं.

"जास्त नाय साहेब, ते मीच टाकले," तिकडून आवाज आला. मोकळा, खूश आवाज. "वहिनी पोरींच्या संगती जातात, तर त्यांचा खर्च तुमच्यावर कशाला? तिघींच्या घरून पाचशे-पाचशे आले तर त्यांचं भागंल. बरोबर हाय का नाय?"

मला दोन क्षण काही कळलं नाही. मग सगळं कळलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझं बोलणं ऐकलं होतं आणि ती हाताने नको, नको अशी खूण करत होती. तिला काय नको होतं, तेही मला कळलं.

"दादा," मी म्हणालो, "वहिनी जात नाहीत. पोरी तिघीच जातायत."

 तो माणूस म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि फोन बंद झाला.

त्यानंतर घरात जे झालं त्यात माझी बाजू घेणारं कुणी नव्हतं. मुलीने खोलीचं दार लावून घेतलं. बायको म्हणाली, "अहो, दोन दिवस ते पाचशे कपाटात ठेवले असते तर काय कपाटाला भोक पडलं असतं?"

"तुला माहीत होतं?"

"तिच्या आईने मला फोन केला होता. म्हणाली, ताई, नुसतं तुमचं नाव लावू द्या. परत आल्यावर मीच सांगेन त्यांना. त्यांच्याकडे आधी परवानगी मागितली की नाहीच म्हणतात. पोर सुखरूप परत आली की काही बोलत नाहीत. तिच्या मोठ्या बहिणीची कॉलेजची ट्रिप अशीच झाली."

"आणि तिकडे काही झालं असतं तर? त्या माणसाने मला विचारलं असतं, तुमची बायको कुठे होती."

 मुलगी दार उघडून बाहेर आली. "म्हणूनच तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "तू बरोबरच असतोस बाबा. तिला आता घरात काय ऐकावं लागत असेल, ते तुझ्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहिणार?"

  मी खोटं बोललो असतो तर एका बापाला फसवलं असतं. खरं बोललो आणि एका मुलीला, जिने माझं काही वाईट केलं नव्हतं, तोंडघशी पाडलं. यात कमी-जास्त काय, हे मला ठरवता येत नाही, आणि मला सहसा ठरवता येतं.

दोन दिवस बोनकोड्याच्या मुलीचा फोन बंद लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "जाऊन या. सांगा, मी खरंच जाते बरोबर. रजा टाकते." मुलगी तिथेच होती. आई बरोबर आली तर ती सहल आपली राहत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी ती म्हणाली, "हो. आई आली तरी चालेल. पण तिला येऊ दे."

मी पाकीट घेऊन गेलो. गल्लीच्या आत त्यांची चार मजली इमारत, खाली दोन गाळे भाड्याने दिलेले, पहिल्या मजल्यावर स्वतः राहतात. वडील माझ्याच वयाचे, रुंद हाताचे. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली. आईने चहा आणला, माझ्याकडे न बघता ठेवला आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मुलगी दिसली नाही.

"तुमी सच्चा मानूस, साहेब," ते म्हणाले. "दुसरा असता तर हो ला हो केलं असतं."

मला ते ऐकवेना. मी बायकोचा निरोप सांगितला.

त्यांनी मान हलवली. "मी काय पोरीला कोंडून ठेवतो काय? कालेजला एकटीच जाते. वाशीला पिक्चरला जाते. पन माझ्यासमोर उभी राहून बोलली, काकू येतात म्हनून. मी वर पाचशे दिले. हसत घेतले तिनं. आता वहिनी गेल्या तरी मला काय वाटनार? नाय साहेब. या वर्षी नाय."

"दादा, विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "ते आता काय सांगू," ते म्हणाले.

 मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा भिंतीशी उभ्या असलेल्या आई पहिल्यांदा बोलल्या. "त्यातले पाचशे यांचे. चार हजार तिचे हायेत. बिल्डिंगमधल्या पोरांची शिकवनी घेते, वर्षभर साठवले."

वडिलांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. हात मागे घेतला. "मग तिलाच द्या," ते म्हणाले आणि आतल्या दिशेने हाक मारली.

ती बाहेर आली. मी तिच्या हातात चार हजार दिले. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, "काका, खोलीचे तीन हजार परत येतील?"

मी खरं ते सांगितलं. तिच्याशिवाय जायचं नाही असं बाकीच्या दोघींनी ठरवलं होतं, आणि येणार की नाही, जे ठरेल ते आजच कळवा, असं श्रीवर्धनच्या बाई म्हणाल्या होत्या. रद्द केलं तर त्या बाराशे ठेवून घेणार, बाकी पाठवणार.

"म्हणजे माझे चारशे."

"अगं, राहू दे. माझ्यामुळे झालं हे."

"नाही काका." तिने पाचशेची एक नोट काढून माझ्यापुढे धरली. "शंभर परत द्या."

तिचे वडील बघत होते. मी खिशातून शंभर काढून तिला दिले.

त्याच दुपारी श्रीवर्धनच्या बाईंना कळवलं. तासाभरात अठराशे रुपये परत आले. खारघरच्या मुलीला तिच्या वाट्याचे चारशे कापून छत्तीसशे पाठवले. बाईंकडे राहिले बाराशे: चारशे बोनकोड्याच्या मुलीचे, चारशे खारघरच्या, चारशे माझे. आणि बोनकोड्याच्या मुलीच्या वडिलांचे पाचशे मी तिथून निघतानाच त्यांच्या हातात दिले होते.